हॅलोवीनचा 2021 चा अल्बम: कुणाला न काढता वाढलेला बँड, आणि आमच्या ऑक्टोपॅडचा पेच

शहापूरचा_कोन (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न आमच्या बेंजो पार्टीचा आहे, पण तिथं जायला जर्मनीवरून वळसा आहे. घाईत असाल तर थेट शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

मी बेळगावात साऊंड भाड्यानं देतो. लग्न, बारसं, गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ. हे पोटासाठी. कानासाठी पॉवर मेटल. कॉलेजात असताना होस्टेलवरच्या एका गोव्याच्या पोरानं नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली होती. एका बाजूला हॅलोवीनच्या 'कीपर ऑफ द सेव्हन कीज'चा पहिला भाग, दुसऱ्या बाजूला दुसरा. पहिला भाग मावायचा, दुसरा मावायचा नाही. शेवटचं तेरा मिनिटांचं गाणं ऐन भरात आलं की खटकन बटण वर यायचं. त्या गाण्याचा शेवट मी पुढं कित्येक वर्षांनी ऐकला, तोही सायबर कॅफेत बसून.

ज्यांना ही भानगडच माहीत नाही त्यांच्यासाठी: ड्रमवाला दोन्ही पायांनी बेस ड्रम कुटतो, गायक तार सप्तकातच मुक्कामाला असतो, आणि दोन गिटार एकच ओळ धरून पळतात, एक सा वर असली तर दुसरी ग वर. वर असा कोरस की दुसऱ्यांदा आला की अख्ख्या मैदानानं म्हणावा. या घराण्याचा पाया ज्यांनी घातला त्यांत हॅलोवीन पहिल्या रांगेत.

1984 साली हॅम्बुर्गमध्ये बँड उभा राहिला. गिटारवर काय हान्सन आणि मिखाएल वायकाट, बेसवर मार्कुस ग्रोस्कॉफ, ड्रमवर इंगो श्विश्टेनबर्ग. (होय, नावच काय. "गिटारवर कोण?" "काय." "अरे, कोण म्हणून विचारलं." "काय!" आमच्या गोडाऊनमध्ये हा संवाद वर्षातून दोनदा तरी होतो.) 1985 च्या पहिल्या अल्बमात गायलाही कायच. पण हातात गिटार आणि गळ्यात ती पट्टी, दोन्ही एकदम ओढवेना, म्हणून अठरा वर्षांचं एक पोरगं आणलं: मिखाएल किस्के. 1987 आणि 1988 चे 'कीपर'चे दोन्ही भाग या पाच जणांचे. त्यांना खरं तर एकच जोडअल्बम काढायचा होता, कंपनीनं ऐकलं नाही.

मग गळती लागली. दुसरा भाग आल्यावर थोड्याच दिवसांत हान्सन बाहेर पडला आणि त्यानं गॅमा रे काढला. त्याच्या जागी रोलांड ग्रापो. 1993 चा 'कमेलिअन' हा अल्बम मेटल सोडून बाकी सगळीकडं फिरून आला, आणि त्याच वर्षी आधी इंगो गेला, मग किस्के. 1994 ला आंडी डेरिस गायक, उली कुश ड्रमवर. गाडी परत रुळावर. 2001 ला ग्रापो आणि कुश दोघेही बाहेर, त्यांनी मास्टरप्लॅन काढला. पुढं गिटारवर साशा गेर्स्टनर आला, 2005 ला ड्रमवर डानी लोबले. पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून राहिलेले दोघंच, वायकाट आणि ग्रोस्कॉफ.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही बँडची, कुठल्याही भजनी मंडळाची आहे. वेगळं घडलं ते पुढं. 2016 ला त्यांनी जाहीर केलं की हान्सन आणि किस्के परत येतायत. आम्हाला वाटलं डेरिस आणि साशाला नारळ. तर नाही. कुणीच गेलं नाही. 2017 ला सात जण स्टेजवर: तीन गिटार, दोन गायक, शिवाय काय गातो तो वेगळाच. आणि जून 2021 ला याच सात जणांचा अल्बम आला, नाव नुसतं 'हॅलोवीन'. बारा गाणी, साधारण पासष्ट मिनिटं. जर्मनीत पहिल्या नंबरावर गेला.

साऊंडवाला म्हणून सांगतो, मला पहिल्यांदा धडकीच भरली होती. तीन गिटार म्हणजे तीन बायका एकाच नळावर. तिन्हींचा आवाज त्याच मधल्या पट्ट्यात येतो आणि पिठल्यासारखा गोळा होतो. पण अल्बम ऐका. सोलो वाटून घेतलेत. एक गिटार बोलत असताना बाकीच्या दोन खाली चटई अंथरून बसल्यात. शेवटचं बारा मिनिटांचं 'स्कायफॉल' हान्सनचं आहे, त्यात किस्के, डेरिस आणि हान्सन तिघं गातात आणि कोण कधी आला हे डोळे मिटून कळतं.

आता आमचं. आमच्या पार्टीत बेंजो, कीबोर्ड, दोन कच्छी ढोल, ताशा आणि ऑक्टोपॅड (आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य). जुना ऑक्टोपॅडवाला 2011 ला गोव्यात हॉटेलातल्या बँडला लागला. त्या वर्षी त्यानं ऐन गणपतीच्या आधी आठ दिवस सांगितलं होतं, तो राग काही जणांच्या पोटात अजून आहे. त्याच्या जागी एक पोरगं घेतलं, मिसरूडही फुटलं नव्हतं. आज त्याला स्वतःचं पोरगं आहे. आणि आता जुना परत आलाय. म्हणतो, गावातच राहणार, वाजवू द्या.

पार्टीत दोन तट पडलेत. मी मधे उभा, कारण ट्रॉली, जनरेटर आणि मिक्सर माझा. मी म्हटलं दोघांना घेऊ, हॅलोवीननं घेतलंच की. मला कुणी काही कळू दिलं नाही, सगळे नुसते हसले. तुम्ही सांगा.

रताळ्याचा_वेफर

काय सांगूलास बे! आठ दिवस आधी सोडून गेलेला माणूस, आनी तू त्याला जर्मनी दाखवूलास? मी असतो तर ट्रॉलीला हात लावू दिला नसता.

अल्बम ऐकूलो आत्ता. तिसऱ्या गाण्यापर्यंत आलो. बायको म्हणाली, कुणाची तरी मिरवणूक निघालीय काय.

टिळकवाडी_तिसरं_गेट

धागा चांगला आहे, पण अल्बमबद्दल जरा पाणी घालून घ्यावं लागेल.

एक म्हणजे 'एकत्र आले' याच्या गोडीनं निम्मे लोक ऐकायच्या आधीच नाचले. 'कीपर'मध्ये जी भूक होती ती यात नाही, असूही शकत नाही. तेव्हा विशी-पंचविशीतली पोरं होती, आता पन्नाशी ओलांडलेली माणसं आहेत. दुसरं, सात जण म्हणता, पण गाणी कुणाची मोजा. सगळ्यांत जास्त डेरिसची. पहिलं गाणं वायकाटचं, शेवटचं हान्सनचं, म्हणजे दारात आणि परसात जुनी माणसं उभी केलीत आणि मधल्या घरात डेरिसचा संसार. मधली तीन-चार गाणी मला अजूनही एकमेकांपासून वेगळी सांगता येत नाहीत.

तिसरं, आणि हे मनापासून: 'खरा' हॅलोवीन म्हणजे किस्केचा, हे आपल्या लोकांचं खूळ आहे. किस्के पहिल्या डावात बँडमध्ये होता किती वर्षं? सहा-सात. डेरिस 1994 पासून आहे. 'मास्टर ऑफ द रिंग्ज' आणि 'द टाइम ऑफ द ओथ' नसते तर परत यायला घरच उरलं नसतं. तेव्हा तुमच्या त्या चौदा वर्षं वाजवणाऱ्या पोराची बाजू मी घेतो. घर त्यानं राखलंय.

शहापूरचा_कोन

गेटसाहेब, शेवटचं वाक्य पार्टीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंय, तुमचं नाव न घेता. खळबळ आहे.

खानापूरची_पागोळी

मी मेटलवाली नाही. लेकाच्या खोलीतून जेवढं येतं तेवढं. पण भजनाला पेटीवर बसते, म्हणून गळ्यांबद्दल दोन शब्द.

या धाग्यामुळं 'स्कायफॉल' लेकाकडून लावून घेतलं. तो उंच, गुळगुळीत आवाज किस्के ना? त्याचा सूर वर गेला तरी पातळ होत नाही, घंटेसारखा भरलेला राहतो. डेरिसचा आवाज खरखरीत, जरा विडी ओढल्यासारखा, पण शब्दावर जोर द्यायचा तर तोच पाहिजे. आणि हान्सन नाकात गातो, त्याला गायक म्हणायचं धाडस मी करणार नाही, पण तो आला की गंमत येते. आमच्याकडं अभंगात एक म्हातारे आहेत, सूर लागत नाही, पण त्यांनी "विठ्ठल" म्हटल्याशिवाय गजर सुटतच नाही. तसं.

मला आवडलं ते हे की कुणी कुणाची नक्कल करत नाही आणि वरचढही होत नाही. जुगलबंदी नाहीये ती. आवर्तनं वाटून घेतल्यात. एकानं ठेवलेला सूर दुसरा उचलतो. हे सोपं नसतं हो. आमच्या मंडळात दोन पेट्या एका एकादशीला बसल्या होत्या, त्यानंतर दीड वर्ष त्या दोन बायका एकमेकींच्या हळदी-कुंकवाला गेल्या नाहीत.

निपाणी_नाका

प्रश्न: सात जण म्हणजे सुपारीचे सात हिस्से. तिकडं कसं परवडतं? आमच्या इकडं पाच जणांच्या बँडला चहाचे पैसे निघत नाहीत.

टिळकवाडी_तिसरं_गेट

परवडतं म्हणूनच एकत्र आले, असं म्हणणारेही आहेत. सगळी जुनी माणसं एका पोस्टरवर आली की मोठी मैदानं भरतात. माद्रिदच्या शोचा लाईव्ह अल्बम 2019 ला काढला, त्यातला गर्दीचा आवाज ऐका. मी त्यात वाईट काही बघत नाही. नुसत्या प्रेमानं जनरेटर चालत नाही.

चोर्ला_घाट_दुसरा_गिअर

जुना ऑक्टोपॅडवाला गोव्याचा म्हटल्यावर वाचणं भाग होतं. मीही पणजी-बेळगाव करणारा. घाटात पावसाळ्यात धुकं इतकं की पुढच्या ट्रकचा मागचा लाल दिवा हाच रस्ता. तिथं हा अल्बम लावतो. झोप येत नाही.

एक भर घालतो. ही सात माणसं एकाएकी नाही जमली, धागे आधीपासून विणलेले होते. 1995 च्या गॅमा रेच्या 'लँड ऑफ द फ्री'मध्ये किस्केनं एक गाणं गायलंय. पुढं किस्के युनिसॉनिक नावाच्या बँडात होता, तिथं 2011 ला हान्सन जाऊन मिळाला. त्या बँडचा बेसवाला डेनिस वॉर्ड. हाच वॉर्ड आधी पिंक क्रीम 69 मध्ये डेरिसच्या शेजारी उभा राहून बेस वाजवायचा. आणि 2021 च्या अल्बमच्या निर्मितीत चार्ली बाउअरफाइंडच्या जोडीला तोच! म्हणजे मिक्सरमागं बसलेल्या माणसाला दोन्ही गायकांच्या खोडी पाठ. लग्न जमवणारा मामा दोन्ही घरांत जेवलेला असला की बोलणी फिसकटत नाहीत.

रताळ्याचा_वेफर

सातवं गाणं. बायको आता विचारूली की हे संपणार कधी.

धारवाडी_फेडा

मी मूळचा बेळगावचा, नोकरी धारवाडला. 17 मार्च 2007 ला बेंगळुरूत आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड आला होता, तेव्हा आम्ही चौघं रात्रीच्या बसनं पाचशे किलोमीटर गेलो होतो. दोघं मराठी, दोघं कन्नड. बसमध्ये मी आणि शेजारचा दावणगेरेपर्यंत भांडत होतो, मेडनला तीन गिटार पाहिजेत का म्हणून. मागच्या सीटवरचे एक आजोबा शेवटी म्हणाले, "सुम्निर्री!" म्हणजे गप बसा आता.

सांगायचं हे की जुना गिटारवाला एड्रियन स्मिथ 1999 ला मेडनमध्ये परत आला तेव्हा त्यांनीही त्याच्या जागी आलेल्या यानिक गर्सला काढलं नव्हतं. तिघं ठेवले. तेव्हा हॅलोवीननं काही नवं केलं असं नाही. फक्त त्यांनी गायकही दोन्ही ठेवले, हे मात्र मेडनलाही जमलं नाही. जुना गायक ब्रूस परत आला तसा मधला गायक ब्लेझ गेला.

शहापूरचा_कोन

फेडा, हे खरं. मेडनचं मी विसरलोच होतो. आणि गिटार वाढवणं वेगळं, गायक वाढवणं वेगळं. गिटारवाल्याला कोपरा दिला की भागतं. गायकाला मधली जागा लागते, आणि स्टेजला मध्य एकच.

पुलावरची_सायकल

सगळे आलेल्यांबद्दल बोलताय. जो येऊ शकला नाही त्याच्याबद्दल लिहितो.

धाग्यात "इंगो गेला" एवढंच आहे. तो आजारी होता. स्किझोफ्रेनिया. दौरा चालू असताना कोसळला, आणि 1993 मध्ये त्याला बँडबाहेर जावं लागलं. मार्च 1995 मध्ये त्यानं आयुष्य संपवलं. वय 29. 'कीपर' ऐकताना जो हसरा, धबधब्यासारखा ड्रम आपण ऐकतो तो याचा. हॅलोवीननं 1996 चा 'द टाइम ऑफ द ओथ' त्याला अर्पण केला. हान्सन तेव्हा वेगळ्या बँडात, पण त्यानंही गॅमा रेच्या अल्बमात त्याच्यासाठी गाणं केलं. दोन बँड, दोघांची तेव्हा तोंडं दोन दिशांना, आणि माणूस एकच.

2017 च्या दौऱ्यात एक जागा असायची. दिवे कमी व्हायचे आणि मागच्या पडद्यावर इंगोचा जुना ड्रम सोलो लागायचा. त्याचा तुकडा झाला की खाली बसलेला डानी उत्तर द्यायचा. मग परत पडदा, परत डानी. सवाल-जवाब. डानीनं एकदाही त्याच्यावर चढायचा प्रयत्न केलेला मला दिसला नाही.

आणि 2021 चा अल्बम डानीनं वाजवलाय तो इंगोच्या मूळ ड्रमसेटवर. घासूनपुसून परत उभा केला तो सेट. हे कळल्यावर मी पहिलं गाणं परत लावलं आणि नुसता स्नेअर ऐकत बसलो. काही वेगळं ऐकू आलं असं नाही म्हणणार. पण बंद केलं नाही.

माझा धाकटा भाऊ तबला वाजवायचा. तो असाच आजारी होता. त्याचा डग्गा घरात आहे, गवसणीत. पुडी सैल झालीय.

खानापूरची_पागोळी

सायकलदादा, शाई उडाली नसेल तर पुडी ओढून मिळते. पाणी लागू देऊ नका फक्त. खानापूरला एक जण आहे, व्यक्तिगत निरोप करते.

टिळकवाडी_तिसरं_गेट

सायकल, नमस्कार. हे वाचून माझ्या पहिल्या प्रतिसादातला "पाणी घालून" वगैरे सूर जरा लागला मला. अल्बमबद्दलचं मत तेच आहे, पण रात्री परत एकदा अख्खा ऐकला. 'स्कायफॉल'च्या आधी 'ऑर्बिट' नावाचा मिनिटभराचा तुकडा आहे, तो मी दर वेळी पुढं ढकलायचो. ढकलू नये. तो वाजल्यावर 'स्कायफॉल'चं दार उघडलेलं कळतं.

शिवाय 2025 ला याच सात जणांचा 'जायंट्स अँड मॉन्स्टर्स' आला. म्हणजे एका अल्बमापुरता संसार नव्हता, हे कबूल करावं लागतं.

रताळ्याचा_वेफर

संपला अल्बम. शेवटचं गाणं बारा मिनिटं!! बायको आत जाऊन झोपली. मी परत लावूलो, हेडफोन घालून.

कोन, एक विचारू? तो आठ दिवस आधी सोडून गेला, का गेला होता? कुणी विचारलं काय कधी?

शहापूरचा_कोन

विचारलं. म्हणजे परवा विचारलं, चौदा वर्षांनी. वडिलांचं डायलिसिस सुरू झालेलं, आणि हॉटेलवाला महिन्याचा पगार आगाऊ देत होता. त्या वर्षी आमच्या सुपारीचे पैसे दिवाळीनंतर मिळाले होते. आम्हाला सांगितलं का नाहीस म्हटलं, तर म्हणाला, तुम्ही सगळे कर्जात, तुम्हाला काय सांगू. ग्रुपवर हे टाकलं. दहा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही, मग बेंजोवाल्यानं नुसता अंगठा टाकला.

काल दोघांना गोडाऊनमध्ये बोलावलं. मी मुद्दाम काही बोललो नाही, मिक्सरच्या वायरी सोडवत बसलो. जुन्यानं येताना कुंदा आणला होता, तो तसाच डब्यात. पोरगं ऑक्टोपॅड लावून बसलं आणि आपलं नेहमीचं सुरू केलं. जुना उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "हा डावीकडचा खालचा पॅड मी ताशाला ठेवायचो, तू संबळ ठेवलायस काय? भारी वाटतंय." पोरगं म्हणालं, "तुमचीच सेटिंग होती, मी एकच बदललं." चौदा वर्षं ती मशीन तशीच होती, बघा! बाकीचे सात पॅड त्यानं हलवलेच नव्हते.

निपाणी_नाका

मग? दोघं?

शहापूरचा_कोन

दुसरा ऑक्टोपॅड भाड्यानं मिळतोय. पोरगं मधे बसणार, तालाची गाडी त्याच्याकडं. जुना बाजूला, संबळ-हलगी आणि मधले तुकडे. हे त्यानंच सुचवलं, मी नाही.

अडचण वेगळीच निघाली. सकाळी टेप घेऊन ट्रॉली मोजली. दहा बाय सहा. चार कोन, दोन बेस, जनरेटर, बेंजोवाल्याची खुर्ची आणि दोन ऑक्टोपॅड ठेवले की कीबोर्डवाल्याचा एक पाय हवेत. जनरेटर मागच्या छोट्या ट्रॉलीवर न्यावा तर रामदेव गल्लीच्या वळणावर दोन ट्रॉल्या एकदम वळत नाहीत, मागच्या वर्षी एकाची अडकलेली मी बघितलीय.

चोर्ला_घाट_दुसरा_गिअर

बेसचे डबे आडवे टाक आणि त्यावर फळी मार. ऑक्टोपॅड वर जातील, खाली कीबोर्डवाल्याला जागा होईल. फळी कसली घेतोयस तेवढं बघ, पावसात प्लाय फुगतो.

शहापूरचा_कोन

सागवानाची एक जुनी आहे, दाराची. उद्या मारून बघतो आणि फोटो टाकतो.